मातीच्या रंगांत ख्रिस्तकथा : चित्रकार आंजेलो दा फोन्सेका

पवित्र मरियामातेला साडी नेसवली म्हणून ज्या चित्रकाराला स्वतःच्या जन्मभूमीत टीकेचे धनी व्हावे लागले आणि ज्याने आयुष्याची उरलेली तीन तपे पुण्याच्या एका आश्रमात चित्रसाधना करीत घालवली, त्या आंजेलो दा फोन्सेका यांचे नाव आज महाराष्ट्रातील फार थोड्या ख्रिस्ती कुटुंबांना ठाऊक आहे. भारतीय ख्रिस्ती चित्रकलेचा इतिहास मात्र त्यांचे नाव वगळून लिहिता येत नाही. गोव्यात जन्मलेला, बंगालमध्ये घडलेला आणि महाराष्ट्राच्या भूमीवर स्थिरावलेला हा कलावंत शुभवर्तमानाची कथा या देशाच्या रंगांत सांगण्यासाठी जगला. त्यांच्या जीवनाची ही ओळख.

बालपण आणि शिक्षण

आंजेलो यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील तिसवाडी तालुक्यातील सांतएस्तेव्ह या बेटावर झाला. हे बेट स्थानिक लोकांत जुवें या नावानेही ओळखले जाते. नदीने वेढलेली खाजणे, भातशेती, माड आणि पांढऱ्याशुभ्र चर्चची कमान अशा वातावरणात त्यांचे बालपण गेले. फोन्सेका घराणे जमीनदारांचे. सतरा भावंडांत आंजेलो सर्वांत धाकटे. शालेय शिक्षणासाठी त्यांना प्रथम बेळगावच्या सेंट पॉल्स विद्यालयात आणि नंतर पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट्स विद्यालयात पाठवण्यात आले. पुढे ज्या शहरात त्यांना आश्रय मिळाला, त्या पुण्याशी त्यांचे नाते असे शालेय वयातच जुळले होते.

त्या काळच्या सुखवस्तू गोमंतकीय कुटुंबांची आपल्या मुलांविषयी जी अपेक्षा असे, तीच या घराचीही होती. त्यानुसार आंजेलो यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला. परंतु त्यांचे मन तेथे रमले नाही. डॉक्टरकीची खात्रीची वाट सोडून ते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथेही त्यांचे समाधान झाले नाही. युरोपीय पद्धतीचे रेखाटन आणि तैलरंग यांवर प्रभुत्व मिळवून उत्तम व्यक्तिचित्रकार होणे त्यांना शक्य होते. त्यांच्याच समाजातील आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांनी त्या मार्गाने मुंबईत मोठे नाव मिळवले होते. आंजेलो यांना मात्र चित्रकलेचे भारतीय व्याकरण शिकायचे होते आणि ते शिकवणारे गुरू बंगालमध्ये होते.

बंगालमधील गुरुकुल

विसाव्या शतकाच्या आरंभी अवनींद्रनाथ टागोर यांनी कलकत्त्यात भारतीय चित्रकलेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ सुरू केली होती. त्यांचे पट्टशिष्य नंदलाल बोस हे रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातील कलाभवनाचे प्रमुख होते. या दोघांच्या मार्गदर्शनाखाली आंजेलो यांनी नव्याने श्रीगणेशा केला. विशी ओलांडलेल्या, दोन महाविद्यालये सोडून आलेल्या तरुणाने पुन्हा शिष्यत्व पत्करावे, याला केवढा निश्चय लागला असेल याची कल्पना करता येते.

तेथे जे शिक्षण मिळाले, त्याचा गाभा रंगद्रव्यांशी असलेल्या वेगळ्या नात्यात होता. अवनींद्रनाथांनी १९०३ च्या सुमारास कलकत्त्यास आलेल्या योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुनसो या जपानी चित्रकारांकडून जलरंग धुऊन काढण्याची पद्धत पाहिली आणि ती आपल्या शैलीत मुरवली. या पद्धतीत कागदावर पातळ जलरंगाचा एक थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग संपूर्ण कागद पाण्यात भिजवायचा. कागदाच्या तंतूंनी धरून ठेवलेला रंग टिकतो, उरलेला वाहून जातो. त्यावर पुन्हा थर, पुन्हा पाणी. असे अनेकदा केल्यावर चित्रावर पहाटेच्या धुक्यासारखी मऊ छटा पसरते. तैलरंगाची चमक आणि गडद सावल्या येथे नाहीत. आकृती जणू आतून उजळल्यासारखी दिसते. प्रार्थनेचा भाव व्यक्त करण्यासाठी ही पद्धत किती अनुकूल होती, हे फोन्सेका यांच्या चित्रांवरून कळते.

नंदलाल बोस यांनी या शिक्षणाला मातीची जोड दिली. ते आपल्या विद्यार्थ्यांना आसपासच्या भूमीकडे, तेथील दगडमातीकडे आणि खेड्यातील कारागिरांकडे पाहायला लावीत. गेरू, पिवळी माती, चुना, काजळी, नीळ ही द्रव्ये वाटून, गाळून, डिंकासारख्या बंधकात खलून त्यांपासून रंग करण्याची परंपरा त्यांनी कलाभवनात आदराने जोपासली. पुढे १९३८ साली हरिपुरा येथील काँग्रेस अधिवेशनासाठी गांधीजींच्या विनंतीवरून त्यांनी सुमारे ८० फलक रंगवले, तेही हातकागदावर आणि अशाच मातकट रंगांत. शांतिनिकेतनच्या परिसरातील जमीन तांबडी, जांभ्याची आहे. गोव्याच्या टेकड्याही जांभ्याच्याच. आंजेलो यांना बंगालमध्ये भेटलेला रंग त्यांच्या बेटाच्या पलीकडील टेकड्यांवरही होताच.

अजिंठ्याचे ऋण

येथे महाराष्ट्राच्या वाचकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. नंदलाल बोस यांना मातीच्या रंगांची दीक्षा ज्या ठिकाणी मिळाली, ते ठिकाण आपल्या मराठवाड्यातील अजिंठा होय. लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने १९०९ ते १९११ या काळातील हिवाळ्यांत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्या कामासाठी कलकत्त्याहून जे तरुण चित्रकार आले, त्यांत नंदलाल होते. लेण्यांच्या अर्धवट उजेडात बसून त्यांनी त्या रेषा गिरवल्या.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी कातळावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि मग रंग भरले. लाल आणि पिवळा रंग लोहयुक्त मातीचा, हिरवा रंग हिरव्या मातीचा, पांढरा चुना व पांढऱ्या मातीचा, काळा काजळीचा. केवळ निळा तेवढा दूर देशाहून आलेल्या राजावर्त या मौल्यवान दगडाचा. म्हणजे जवळजवळ सारी रंगपेटी पायाखालच्या भूमीतून निघालेली होती. या चित्रांतील अनेक चित्रे पंधराशे वर्षांनंतरही तग धरून आहेत.

ही द्रव्ये मराठी माणसाला अपरिचित नाहीत. धाराशिव जिल्ह्यातील वाशीसारख्या बालाघाटावरील गावांपासून कोकणापर्यंत घराच्या भिंतीला पांढरी माती व चुना आणि चौकटीला, तुळशीवृंदावनाला किंवा कुंडीला गेरू लावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सणाच्या आदल्या दिवशी घरातील स्त्री ज्या मातीने उंबरठा रंगवते, तीच माती अजिंठ्याच्या बोधिसत्त्वाच्या अंगकांतीत आहे. अजिंठ्याचा हा वारसा नंदलालांच्या हातून बंगालमध्ये गेला आणि त्यांच्या गोमंतकीय शिष्यासोबत पुन्हा महाराष्ट्रात आला. या वेळी त्या रंगांत बेथलेहेमची गोशाळा होती, नाझरेथचे घर होते.

जन्मभूमीतील विरोध

१९३१ च्या सुमारास शिक्षण पूर्ण करून आंजेलो गोव्यात परतले. गुरूंच्या आशीर्वादाने आपल्या भूमीतील ख्रिस्तमंदिरांसाठी चित्रे काढावीत, हा त्यांचा संकल्प होता. त्यांनी रंगवलेली मरियामाता साडी नेसलेली होती, जमिनीवर बसलेली होती, तिचा वर्ण या मातीतल्या स्त्रीचा होता. येशू बाळ भारतीय आईच्या मांडीवर होते. संतांच्या मुद्रा आणि बसण्याची ढब या देशातील साधुसंतांची होती.

गोव्यातील प्रतिष्ठित वर्गाला आणि पोर्तुगीज सत्ताधाऱ्यांना हे रुचले नाही. ही चित्रे ख्रिस्ती नसून हिंदू आहेत, त्यांत पावित्र्याचा भंग आहे, असे आक्षेप घेण्यात आले. या विरोधाची मुळे केवळ अभिरुचीत नव्हती. इन्क्विझिशनच्या काळात, विशेषतः १७३६ च्या आदेशान्वये, ख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांना पारंपरिक पोशाख, लग्नगीते, अंगणातील तुळस अशा अनेक गोष्टींची मनाई करण्यात आली होती. इन्क्विझिशन १८१२ साली संपुष्टात आले, परंतु धर्म बदलला म्हणजे वेशही बदलला पाहिजे ही समजूत मागे राहिली. अशा समाजात मरियामातेच्या अंगावर साडी दिसणे म्हणजे दोन शतकांची भिंत ओलांडणे होते. ख्रिस्ती असणे आणि युरोपीय असणे यांत भेद आहे, एवढेच ते चित्र मूकपणे सांगत होते. तेवढेच अनेकांना सोसवले नाही.

याच गोव्यात एका वेगळ्या परंपरेचा पायाही घातला गेला होता, याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने तारणाची कथा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात गायली आणि कित्येक पिढ्यांच्या भाविकांनी ती भक्तिभावाने ऐकली. शब्दांत जे तीनशे वर्षांपूर्वी झाले होते, तेच रंगांत व्हावे एवढीच आंजेलो यांची इच्छा होती. उत्तर भारतातही अकबराच्या दरबारी १५८० साली येशूसंघीय पोहोचल्यानंतर मुघल चित्रकारांनी मरिया आणि बाल येशू यांची चित्रे आपल्या शैलीत काढली होती. तेव्हा फोन्सेका काही विपरीत करीत नव्हते. एका विस्मृत वाटेवर ते पुन्हा पाऊल टाकीत होते.

पुण्याचा आश्रम

गोवा सोडून आंजेलो पुण्यास आले आणि शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहू लागले. हा आश्रम अँग्लिकन पंथाच्या जॅक विन्स्लो यांनी स्थापन केला होता. संघाची सुरुवात १९२२ साली अहमदनगर येथे झाली आणि काही वर्षांतच तो पुण्यात आला. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांच्या विचारांचा विन्स्लो यांच्यावर प्रभाव होता. खादीचे वस्त्र, शाकाहार, जमिनीवर बसून भोजन, भारतीय भजन आणि ध्यान अशी तेथील जीवनपद्धती होती. एका कॅथलिक चित्रकाराला अँग्लिकन आश्रमाने आसरा द्यावा, ही गोष्ट पंथापंथांत दुरावा असलेल्या त्या काळात साधी नव्हती. आपल्या घरी ज्याला दार बंद झाले, त्याला शेजाऱ्याने ओसरी दिली. आंजेलो मात्र अखेरपर्यंत श्रद्धावान कॅथलिकच राहिले.

या आश्रमात त्यांची चित्रसाधना बहरली. शुभसंदेश, येशूजन्म, मिसरदेशी पलायन, अखेरचे भोजन, क्रूसमरण, पुनरुत्थान असे विषय त्यांनी पुनःपुन्हा हाताळले. जलरंग हे त्यांचे प्रमुख माध्यम असले तरी इतर माध्यमांतही त्यांनी काम केले. त्यांच्या चित्रांतील मातकट तपकिरी, पिवळसर आणि भगव्या छटा डोळ्यांना खुपत नाहीत. त्या पाहणाऱ्याला चित्रासमोर थांबवतात. समई, कमळ, घागर, मातीची भिंत अशा परिचित वस्तू त्यांच्या चित्रांत येतात, त्या सजावट म्हणून येत नाहीत. ज्या घरात प्रभू जन्माला आला ते घर गरिबाचे होते, हे त्या वस्तू आठवून देतात.

१९५१ साली त्यांचा आयव्ही म्युरिएल मिनेझिस यांच्याशी विवाह झाला. आयव्ही शिक्षिका होत्या. या दांपत्याला एक कन्या झाली. विवाहानंतर काढलेल्या मरियामातेच्या अनेक चित्रांत पत्नीच्या मुखाची छाया उमटलेली अभ्यासकांना दिसते. विक्रीचा बाजार आणि प्रसिद्धी यांपासून दूर राहणाऱ्या या कलावंताच्या संसाराला आयव्हीबाईंची मोठी साथ होती.

प्रदर्शने आणि मान्यता

आंजेलो यांना जाणकारांचा पाठिंबा अगदीच नव्हता असे नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भारतीय इतिहास संशोधन संस्था उभारणारे स्पॅनिश येशूसंघीय फादर हेन्री हेरास हे भारतीय शैलीतील ख्रिस्ती कलेचे कट्टर पुरस्कर्ते होते. फोन्सेका यांच्या कामाचे मोल त्यांनी ओळखले आणि त्यांची चित्रे आपल्या संस्थेच्या संग्रहात घेतली. अमेरिकन लेखक डॅनियल फ्लेमिंग यांनी जगभरच्या ख्रिस्ती समाजांच्या चित्रकलेवर १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही त्यांच्या चित्रांना स्थान मिळाले. गोव्यातील चर्चच्या भिंतींवर ज्यांना जागा नव्हती, ती चित्रे छापील पानांवरून परदेशातील वाचकांपर्यंत जाऊन पोहोचली.

जागतिक ख्रिस्तसभेतही वारे बदलत होते. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१९ सालच्या प्रेषितीय पत्रात मिशनकार्याने परक्या राष्ट्राचे हितसंबंध जोपासू नयेत, अशी स्पष्ट भूमिका घेतली होती. चीनमध्ये पोपचे प्रतिनिधी राहिलेले चेल्सो कोस्तांतीनी यांनी स्थानिक शैलीतील ख्रिस्ती कलेला आयुष्यभर उत्तेजन दिले. १९५० च्या पवित्र वर्षात रोममध्ये मिशन प्रदेशांतील कलेचे भव्य प्रदर्शन भरले आणि आशिया व आफ्रिकेतील कलावंतांच्या हातून घडलेली ख्रिस्तकथा यात्रेकरूंना पाहायला मिळाली. फोन्सेका ज्या विचारासाठी झिजत होते, त्या विचाराला ख्रिस्तसभेच्या केंद्रस्थानी मिळालेली ही पावती होती.

त्यानंतर दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात परिषदेने जाहीर केले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही आणि सर्व लोकांच्या व प्रदेशांच्या कलेला तिच्यात मुक्त वाव असावा. ज्या कारणासाठी आंजेलो यांना तीस वर्षांपूर्वी गोवा सोडावा लागला होता, तेच आता ख्रिस्तसभेचे अधिकृत मत झाले होते. हा दिवस ते पाहू शकले, ही समाधानाची गोष्ट म्हटली पाहिजे.

अखेर आणि नंतर

परिषदेचे विचार गावोगावच्या ख्रिस्तमंदिरांत रुजण्याआधीच आंजेलो यांना बोलावणे आले. २८ डिसेंबर १९६७ रोजी, निष्पाप बालकांच्या सणाच्या दिवशी, मेंदूज्वराने त्यांचे निधन झाले. नाताळचा अष्टाह चालू होता. येशूजन्माची चित्रे आयुष्यभर रंगवणारा कलावंत नाताळच्याच दिवसांत प्रभूघरी गेला. त्यांचे वय ६५ वर्षांचे होते.

त्यांच्या मागे शेकडो चित्रे राहिली. ती विकून टाकणे सोपे होते. तसे झाले असते तर हा संग्रह देशोदेशी विखुरला असता. आयव्हीबाईंनी जवळजवळ चार दशके ती चित्रे सांभाळली. जलरंगाच्या कागदाला दमट हवा, वाळवी आणि ऊन या तिन्हींचे भय असते, हे जाणणाऱ्यांना त्या जतनाची किंमत कळेल. २००६ साली त्यांनी हा ठेवा पर्वरी येथील येशूसंघीयांच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेच्या स्वाधीन केला. संस्थेने चित्रांचे जतन व अभ्यास हाती घेतला आणि प्रदर्शने भरवली. पंचाहत्तर वर्षांपूर्वी जी चित्रे गोव्याने नाकारली होती, ती पाहण्यासाठी गोमंतकीय आता रांगेने येऊ लागले. चित्रकार मात्र पुण्याच्या मातीत विसावला होता.

शिवाजीनगरच्या त्या आश्रमाचीही कथा पुढे चालू राहिली. १९७० च्या दशकात अँग्लिकन आणि कॅथलिक धर्मभगिनींनी तेथे एकत्र आश्रमजीवन सुरू केले. एका कॅथलिक चित्रकाराने ज्या अंगणात एकट्याने सलोखा जगून दाखवला होता, त्याच अंगणात तो आता सामुदायिक व्रत झाला.

आपल्यासाठी बोध

फोन्सेका यांच्या जीवनाकडे पाहताना एक प्रश्न आपल्यालाही टाळता येत नाही. आज आपल्या घरांतील आणि गावोगावच्या प्रार्थनामंदिरांतील प्रतिमा बहुधा परदेशी चित्रांच्या छापील नकला असतात. गोरा वर्ण, निळे डोळे आणि युरोपीय झगा हेच पावित्र्याचे लक्षण अशी आपल्या मुलांची नकळत समजूत होते. शेतात राबणाऱ्या, साडी नेसून मिस्सेला येणाऱ्या आपल्या आईसारखीच मरियामाता असू शकते, हे त्यांना कोण दाखवणार? मंदिराची रंगरंगोटी किंवा नूतनीकरण निघते तेव्हा टिकाऊपणाचा आणि खर्चाचा विचार आपण अवश्य करतो. त्याच बैठकीत परिसरातील एखाद्या चित्रकाराला, गेरू आणि चुना हाताळणाऱ्या एखाद्या कारागिराला बोलावण्याचा विचारही व्हावा.

देवपुत्राने मानवी देह धारण केला, तो एका विशिष्ट गावात, विशिष्ट भाषेत आणि विशिष्ट मातीवर. देहधारणेचे हे रहस्य आंजेलो दा फोन्सेका यांना प्रवचनातून सांगता आले नसते कदाचित. त्यांनी ते रंगांतून सांगितले आणि त्यासाठी घर, गाव आणि प्रतिष्ठा यांवर पाणी सोडले. गोव्याला जाणाऱ्या आपल्या बांधवांनी जुन्या गोव्यातील भव्य मंदिरांचे दर्शन घ्यावेच. त्यासोबत वेळ काढून या चित्रकाराची चित्रे कोठे पाहता येतील याचीही चौकशी करावी. त्या शांत, मातकट रंगांसमोर काही क्षण उभे राहिल्यास आपल्या श्रद्धेचा वर्ण आपल्याच भूमीचा असल्याची खूण पटेल.